टक्केवारीत अडकलेली मराठी फाइलनावे: बॅशच्या एका लूपचा सहा महिन्यांचा अनुभव

वेबवरून उतरवलेल्या फायलींची मराठी नावे कधीकधी '%ई०%ए४…' अशा अवतारात येतात: प्रत्येक बाइटच्या जागी % आणि दोन हेक्स (सोळा-आधारी) अंक, यालाच इथे टक्केवारी म्हटले आहे. ती सोडवायला लिनक्सच्या बॅश या कमांड-शेलमध्ये सहा महिने वापरलेली साखळी अशी: फायली शोधणाऱ्या फाइंडला -डेप्थ आणि -प्रिंट० (प्रत्येक नावामागे नल, म्हणजे शून्य किमतीचा बाइट), पुढे पाइप, म्हणजे आउटपुट पुढच्या कमांडला, मग व्हाइल लूपमध्ये एकेक नाव वाचणारे रीड. रीडआधी आयएफएस (शब्द तोडणाऱ्या चिन्हांची यादी) रिकामे, नाहीतर नावाच्या टोकाच्या स्पेस गळतात. -आर नसेल तर बॅकस्लॅश गिळले जातात. -डी पुढे रिकामे अवतरण म्हणजे विभाजक नल बाइट. नावात नल आणि स्लॅश सोडून काहीही चालते, अगदी नवी ओळसुद्धा, म्हणून फायलींची यादी देणाऱ्या 'एलएस'चे आउटपुट लूपमध्ये ओतणे बादच. -डेप्थमुळे आतल्या फायली आधी येतात; नाव बदलायचे ते पूर्ण मार्गातल्या फक्त शेवटच्या भागाचे.

वाचण्यात सहा महिन्यांत एकदाही चूक नाही. त्रास उलगडण्यात आहे. प्रत्येक % च्या जागी बॅकस्लॅश-एक्स घालून 'प्रिंटएफ -व्ही' ला %बी दिले की काम होते, नवी प्रोसेस लागत नाही, त्यामुळे वेगही बरा. पण मुळात एन्कोड न केलेल्या नावात % असेल आणि त्यापुढे योगायोगाने हेक्स अंक आले, तर नाव मुकाट्याने बिघडते. %२एफ उलगडून स्लॅश झाला तर फाइल भलत्याच फोल्डरात जाऊ शकते. असे नाव सरळ वगळावे. शेवटी नाव बदलणारे 'एमव्ही -एन --', म्हणजे जुन्या फाइलवर नवी बसत नाही आणि डॅशने सुरू होणारे नाव पर्याय समजले जात नाही.

लूपमध्ये एसएसएच (दुसऱ्या संगणकावर कमांड चालवणारे) किंवा एफएफएमपेग (व्हिडिओ-ऑडिओ रूपांतर करणारे) घातले की पहिल्याच नावानंतर लूप थांबतो, कारण उरलेली यादी तेच पिऊन टाकतात. उपाय: एसएसएचला -एन, एफएफएमपेगला -नोस्टडीन.

उलट दिशेने, म्हणजे मराठी नाव टक्केवारीत घालताना, मात्र लांबी आडवी येते. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलप्रणालीवर नावाला जास्तीत जास्त २५५ बाइट. देवनागरीचा एक कोडपॉइंट (युनिकोडमधले एक चिन्ह) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, म्हणजे ८५ मावतात. टक्केवारीत प्रत्येकी ९, म्हणजे जेमतेम २८.

'दुसऱ्या' हा शब्द खास मराठी डोकेदुखी. ऱ एकाच कोडपॉइंटचा असेल तर २१ बाइट, र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) वेगळे असतील तर २४, आणि र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारे जोडणीचे चिन्ह) असा टाइप केला तरी २४च. दिसायला तिन्ही सारखेच, फायली मात्र तीन. पहिले दोन कन्व्हएमव्ही हे नावांचे एन्कोडिंग बदलणारे साधन --एनएफसी देऊन (म्हणजे जोडलेल्या एकाच रूपात आणून) जुळवते (--नोटेस्ट दिल्याशिवाय ते नुसते दाखवते, बदलत नाही). तिसऱ्यासाठी मजकुरात शोधून बदलणारे सेडच.