चातुर्मासात उभी राहणारी बॅटरी गाडी

माझा मावसभाऊ बडोद्यात भायलीकडच्या आपल्या पार्टी प्लॉटसाठी (लग्नकार्याला भाड्याने देतो ते मैदान) जुनी गोल्फ कार्ट बघतोय. पार्किंगपासून मांडवापर्यंत आजी-आजोबांना सोडायचं, एवढंच तिचं काम. दोन गाड्या त्याच्या नजरेत आहेत. या फेऱ्यातून मी आधीच गेलोय, म्हणून लिहितो.

पहिली ३६ व्होल्टची. स्टीलची चासी, ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या नव्याकोऱ्या. दुसरी ४८ व्होल्टची. ॲल्युमिनियमची चासी, बॅटऱ्या मेलेल्या. भाऊ पहिलीवर भाळलाय. मी दुसरी घेईन.

जुनी गाडी घेताना बॅटऱ्यांची किंमत शून्य धरावी, कारण त्या आज ना उद्या बदलायच्याच असतात. चासी कोण बदलतो? पहिल्या गाडीची सीट उचलून मी बॅटऱ्यांखालचा ट्रे बघितला. वरून काळा रंग मारलेला होता. कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर पापुद्रा सुटून टोक आत गेलं. वर्षानुवर्षं सांडलेल्या ॲसिडने स्टील खाल्लेलं. ॲल्युमिनियमला असा गंज चढत नाही.

दुसरं कारण व्होल्टेज. ई-रिक्षा ४८ व्होल्टवर चालते, त्यामुळे चार्जर, कन्व्हर्टर, कारागीर सगळं बडोद्यात सहज मिळतं. ३६चं शोधत बसावं लागतं. शिवाय तेवढ्याच ताकदीला ४८वर पाऊणपटच करंट लागतो, वायरी कमी तापतात. ‘३६ची नंतर ४८ करू’ असं भाऊ म्हणतो. मोटर बहुधा झेपवेल, पण कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा), सॉलिनॉइड (बॅटरीचा करंट जोडणारा-तोडणारा मोठा स्विच), चार्जर तिन्ही बदलावे लागतील. मग स्वस्त काय राहिलं?

एक गोष्ट मात्र दोन्ही गाड्यांत बघायची. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा गाडी कुठे उभी होती? मालक ‘उंचावर’ म्हणणारच. कंट्रोलरचं झाकण काढा. स्क्रूंच्या खाचेत वाळलेला गाळ किंवा टर्मिनलांवर हिरवट कळंक दिसला तर नमस्कार करून निघायचं.

आता बॅटऱ्या. पाण्याच्या (म्हणजे डिस्टिल्ड वॉटर घालाव्या लागणाऱ्या लेड-ॲसिड) घ्याव्यात की लिथियमच्या? ८ व्होल्टच्या सहा पाण्याच्या बॅटऱ्यांचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. तेवढ्याच कामाचा लिथियम पॅक पन्नासेक किलोचा. पाण्याची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून १५० अँपिअर-अवरमधले (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं हे माप) ७५च आपले. लिथियमच्या १०५मधले ऐंशी-पंचाऐंशी बिनधास्त वापरता येतात.

पण आमच्या धंद्यात निकाल लावतो तो चातुर्मास. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं नाहीत, मधे नवरात्राच्या नऊ रात्री काय ती धावपळ. एरवी गाडी शेडमध्ये. पाण्याच्या बॅटऱ्या चार्ज न करता दोन-तीन महिने ठेवल्या की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि तुळशीच्या लग्नानंतर गाडी अर्ध्या वाटेत बसते. माझा पहिला सेट असाच गेला, दोष माझाच. लिथियम निम्म्या चार्जवर ठेवून मेन स्विच काढला की निवांत. म्हणून पार्टी प्लॉटला लिथियम, महाग असलं तरी. सोसायटीत रोज चालणारी गाडी असेल आणि चार्जिंग झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर घालणारा भरवशाचा माणूस असेल, तर पाण्याच्या बॅटऱ्या खुशाल घ्या. ई-रिक्षाच्या १२ व्होल्टच्या चार जोडल्या की ४८ होतात.

लिथियममध्ये मी फसलो तो भाग वेगळा. दुकानदाराने ई-रिक्षाचाच पॅक बसवून दिला, त्याचा बीएमएस, म्हणजे पॅकला जपणारं आणि जास्त करंट ओढला की तोडणारं सर्किट, १०० अँपिअरचा. सपाटीवर गाडी मस्त. पण सहा माणसं बसवून रॅम्प चढायला लागलो, कंट्रोलरने दुपटीहून जास्त करंट ओढला, बीएमएसने सप्लाय तोडला आणि नवरदेवाच्या आजी रॅम्पच्या मधोमध. चौघांनी ढकललं. तेव्हा पॅक घेताना अँपिअर-अवर नंतर विचारा, आधी बीएमएस किती करंट सोडतो ते विचारा. जुना चार्जर चालत नाही, लिथियमचाच हवा. जुना मीटरही फसवतो. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत फारसा उतरत नाही, त्यामुळे काटा ‘फुल’ दाखवतो आणि गाडी एकदम थांबते.

गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, हे ड्रायव्हरला बजावून ठेवा. बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनाला मोटार वाहन कायद्यातून सूट आहे, रस्त्यावर आली की ती उरत नाही.

राहता राहिली अडचण ही, की मेलेल्या बॅटऱ्यांची गाडी चालवून कशी बघायची? रविवारी ओळखीचा ई-रिक्षावाला त्याच्या चार बॅटऱ्या तासभर देणार आहे. जाड केबलने सिरीजमध्ये जोडू, पुढे-मागे चालवू, पाच जणांना बसवून चढावर नेऊ. मोटरमधून जळका वास आला नाही, तर भाऊ तिथेच बयाणा देईल.