व्हीएमला व्हीसीपीयू दोन द्यावेत की आठ?

सॉफ्टवेअरवाल्याच्या कागदावर ‘किमान 8 कोअर’ असतं, आपणही व्हीएमला (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर चालणारा आभासी संगणक) आठ व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) देऊन मोकळे होतो. व्हीएम चालवणाऱ्या व्हीएमवेअर इएसएक्सआयवर मात्र होस्ट (खरा सर्व्हर) भरलेला असेल तर हे आठ महागात पडतात.

2 व्हीसीपीयूच्या व्हीएमला दोन कोअर मोकळे मिळाले की तिचं भागतं. 8 वालीला एकाच वेळी आठ लागतीलच असं नाही, ती कडक अट इएसएक्सआयच्या आधीच्या इएसएक्स 3 पासून सैल झाली. पण कामात असलेला एखादा व्हीसीपीयू बाकीच्यांच्या फार पुढे गेला की शेड्यूलर (कोअर कुणाला कधी द्यायचा हे ठरवणारा भाग) त्याला थांबवतो. हाच को-स्टॉप.

व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन साधनाच्या रिअल-टाइम आलेखात सीपीयू रेडी, म्हणजे व्हीसीपीयू तयार असूनही कोअरची वाट पाहण्यात गेलेला वेळ, 20 सेकंदांमागे मिलिसेकंदांत दिसतो. समजा आकडा 4000 आहे, म्हणजे 20 टक्के. व्हीएमचा आकडा सगळ्या व्हीसीपीयूंची बेरीज असते, तेव्हा आठांत वाटला तर प्रत्येकी अडीच टक्के, चिंता नाही. दोनांत वाटला तर प्रत्येकी 10, आणि एव्हाना युजरचे फोन सुरू झालेले असतात. प्रत्येकी 5 च्या वर गेलं की लक्ष घालावं, हा रूढ ठोकताळा.

साधा वेब सर्व्हर किंवा डोमेन कंट्रोलर (विंडोज नेटवर्कचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) असेल तर दोन पुरे. डेटाबेसला आठ जरूर द्या, पण आतला सीपीयू सतत तापलेला आणि रेडी कमी असेल तरच. आठ व्हीसीपीयूंच्या विंडोजमध्ये वापर साडेबारा टक्क्यांवर अडकून बसला असेल तर बहुधा एकच थ्रेड (कामाचा धागा, जो एका वेळी एकाच कोअरवर चालतो) धावतोय. तिथे सोळा दिले तरी फरक शून्य.

डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड असेल तर आणखी एक खोच. 2022 आवृत्तीत मर्यादा 4 सॉकेट (व्हीएमला दिसणाऱ्या प्रोसेसर चिप) किंवा 24 कोअर, यांपैकी जे कमी ते. व्हीस्फिअर (इएसएक्सआय आणि व्हीसेंटरचा संच) 7 पर्यंत डीफॉल्ट प्रति सॉकेट एक कोअर असायचा. तसेच आठ दिले तर एसक्यूएल चारच वापरतो आणि उरलेले चार नुसते बसून राहतात. प्रति सॉकेट कोअर वाढवले की प्रश्न मिटतो.

मी दोनापासूनच सुरुवात करेन. वाढवायला फार तर व्हीएम एकदा बंद करून चालू करावी लागते. कमी करायलाही व्हीएम बंदच करावी लागते, पण ‘आमचे कोअर काढून घेताय?’ म्हणत त्या डाउनटाइमला कुणी हो म्हणत नाही.