थ्रीडी व्ह्यू बघून घरासाठी पैसे देताय? आधी हे वाचा

वडोदऱ्यात घर बांधायला काढलं की हल्ली प्लॅनच्या आधी एलिव्हेशन, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचं चित्र, दाखवतात. आमच्याकडेही तसंच झालं आणि १ लाख १० हजार रुपये गेले. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून घेणाऱ्याचं नाव लिहीत नाही. पण पैसे कसे काढले ते सगळं लिहिते, कारण भायली-वासणा भागात अजूनही लोकांना अशीच चित्रं दाखवली जातायत.

दांडिया बाजारातलं जुनं घर विकून सासऱ्यांनी भायलीला प्लॉट घेतला. उत्तरेला रस्ता, तीस फुटांचा फ्रंट. ओळखीतून एक डिझायनर आला, आपलाच मराठी मुलगा, बोलायला गोड. त्याने टॅबवर एकच बंगला चार तऱ्हांनी दाखवला: पेन्सिल स्केच, वॉटरकलर, रंग-मटेरियल काहीच नसलेलं कॉम्प्युटरवरचं पांढरं मॉडेल, आणि हुबेहूब फोटोसारखा संध्याकाळचा व्ह्यू. म्हणाला, "बाबा, पहिले तीन कॉलेजातल्या मुलांसाठी. घर कसं दिसणार ते बघायचं तर फोटोच हवा." फोटोसारख्या व्ह्यूंचे पैसे वेगळे. ते दिल्यावर वर्किंग ड्रॉइंगचा, म्हणजे बांधकामाच्या मापाच्या नकाशांचा, अ‍ॅडव्हान्स, तोही घेतला. हातात आल्या त्या फक्त जेपीजी. मॉडेलची फाइल मागितली की उत्तर ठरलेलं: "ती ऑफिसची प्रॉपर्टी असते."

चित्रं मात्र अशी की सासूबाईंनी ती मोबाईलच्या वॉलपेपरला लावली. निळसर आकाश, सगळ्या खिडक्यांत पिवळा उजेड, ओल्या फरशीत त्याचं प्रतिबिंब. ही संध्याकाळ उगाच निवडत नाहीत. आतले दिवे लावले की डोळा उजेडाकडेच जातो. भिंत कशाची आहे, सज्जा किती पुढे आला आहे, पावसाचं पाणी कुठून उतरणार, हे सगळं अंधारात बुडतं. शिवाय कॅमेरा वाइड अँगल ठेवला की तीस फुटांचा फ्रंट पन्नास फुटांचा वाटतो.

माझे काका जन्मभर ड्राफ्ट्समन होते, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरच्या काळातले. त्यांनी सकाळचा व्ह्यू हातात घेतला आणि विचारलं, "प्लॉट उत्तरमुखी ना? मग पुढच्या भिंतीवर समोरून ऊन कुठून आलं?" वडोदरा साधारण २२.३ उत्तर अक्षांशावर आहे. थंडीत उत्तरेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. उन्हाळ्यात लागतं, तेही मुख्यतः सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर, भिंतीला घासून जाणारं. चित्रात तर झाडाची सावली दारावर सरळ समोरून पडली होती.

मग काकांनी प्लॅन शेजारी ठेवला. चित्रात स्लॅबच्या पातळीला एक मोठी आडवी खिडकी होती. प्लॅनमध्ये त्याच जागी जिना, आणि त्याचं लँडिंग, म्हणजे वळणावरचा सपाट टप्पा, खिडकीच्या बरोबर मधून जात होतं. पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, पाण्याचा एकही पाइप नाही. लॉन थेट उंबऱ्याला टेकलेलं, म्हणजे प्लिंथच (जोतं) नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांना विचारा, वडोदऱ्यात प्लिंथशिवाय घर कोण बांधेल? आणि प्लिंथ उचलली की पायऱ्या आल्या, रॅम्प आला, त्या फ्रंटचं सगळं मापच बदललं.

शेवटी माझ्या मुलाला पोर्चमधली गाडी खटकली. स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. त्याने चित्र आडवं उलटवून गुगलवर शोधलं तर तोच बंगला सापडला, दुसऱ्याच कुणासाठी आधीच बांधलेला. त्याचा फोटो उलटा करून, रंग बदलून, पाटीवरचं नाव पुसून आम्हाला 'तुमचं घर' म्हणून विकला होता. आमच्या प्लॉटचं मॉडेल कधी केलंच नव्हतं, मग फाइल कुठून देणार?

काका म्हणतात, चित्राची शैली आवडीवर निवडू नका, चित्राला काय विचारता येतं त्यावर निवडा. त्यांच्या वेळी एलिव्हेशनवर सावल्या ४५ अंशांत टाकायचे. त्यात सज्जा दोन फूट पुढे असेल तर खालच्या भिंतीवर त्याची सावलीही दोन फूटच उतरते. म्हणजे पट्टी ठेवून सावली मोजली की सज्जा कळतो. साधा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिलेलं तसं एलिव्हेशन आजही कुणीही करून देऊ शकतं, ते जरूर मागा. दुसरं, पांढरं मॉडेल मागा. रंग, झाडं, गाड्या काढल्या की नुसता आकार उरतो, आणि जिन्यावरची खिडकी लगेच दिसते. वॉटरकलर घराचा भाव सांगायला छान, आणि ते स्वतःला फोटो म्हणवत नाही, हेही चांगलंच. फोटोसारखा व्ह्यू हवाच असेल तर शेवटी, ड्रॉइंग पक्की झाल्यावर करून घ्या. दुपारच्या उजेडात, रस्त्यावर उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, आणि सूर्य वडोदऱ्याचा, तारीख-वेळ टाकून. स्केचअप, लुमियन, एनस्केप या सगळ्या सॉफ्टवेअरांत ती सोय आहे. समोर बसून कॅमेरा फिरवायला सांगा. मॉडेल असेल तर घर मागूनही दिसेल.

पैसे देण्याआधी अजून एक बघा. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२ प्रमाणे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. आमच्या माणसाच्या कार्डावर 'आर्किटेक्चरल डिझायनर' होतं, नोंदणी क्रमांक नव्हता. करारात लिहून घ्या की व्ह्यू आणि ड्रॉइंग एकाच मॉडेलमधून निघतील आणि त्या टप्प्याचे पैसे दिले की फाइलही मिळेल.

असंच कुणाचं झालं असेल तर मूळ जेपीजी आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज डिलीट करू नका, आणि पैसे कॅशने गेले असतील तरी त्याबद्दल झालेलं बोलणं जपून ठेवा. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. आम्ही मूळ बंगल्याचा फोटो आणि आम्हाला दिलेला व्ह्यू एकाच पानावर शेजारी छापून तक्रारीला जोडलाय. वकिलांच्या मते सगळ्या कागदांत तोच सगळ्यात भक्कम आहे.