सर्टिफिकेटवर ‘संगणक : अ श्रेणी’, शिकवणी मात्र शून्य

नांदेडला रक्त काढायचा, फ्लेबोटॉमीचा कोर्स करायला निघालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. ग्राहक आयोगात तक्रार दिलेली असल्यामुळे क्लासचं नाव देत नाही. फसवायची पद्धत मात्र सगळी सांगते, म्हणजे दुसरीकडेही ती ओळखता येईल.

आम्ही वसमतकडचे. हळदीच्या पैशातून अण्णांनी ३२ हजार भरले. माहितीपत्रकात ठळक अक्षरात होतं : लॅब सॉफ्टवेअर, बारकोड, रिपोर्ट एंट्री, सगळं प्रत्यक्ष संगणकावर. ‘ताई, आता नुसती सुई टोचता येऊन भागत नाही,’ असं ऑफिसातल्या मॅडमच म्हणाल्या. ते खरंच होतं, आणि त्या खऱ्या गोष्टीवरच त्यांनी आमच्याकडून पैसे घेतले.

संगणकाच्या खोलीला कायम कुलूप. कधी सर रजेवर, कधी लाईट नाही, कधी सॉफ्टवेअरचं लायसन्स यायचंय. रक्त काढायला मात्र नीट शिकवलं. दंडाची पट्टी मिनिटाच्या वर बांधून ठेवायची नाही, निळ्या झाकणाची ट्यूब रेषेपर्यंतच भरायची, जांभळी तिच्यानंतर. कोर्स संपत आला तसे ‘कॉम्प्युटर मॉड्यूल’चे आणखी ६ हजार मागितले. नाही दिले तर सर्टिफिकेट अडकेल, असं सांगितलं. रोख घेतले, पावती दिली नाही. खोली त्यानंतरही उघडली नाही. सर्टिफिकेट हातात आलं तर त्यावर संगणक विषयात ‘अ श्रेणी’!

नोकरीसाठी एका लॅबमध्ये गेले. पहिल्याच टोच्यात शीर सापडली. मग मॅनेजर सरांनी संगणकासमोर बसवलं : पेशंटची नोंद करा, टेस्ट टाका, बारकोड काढा. स्क्रीनवर एकाच नावाच्या दोन बायका, गावही एकच, वय तेवढं वेगळं. मला पुढचं काहीच जमेना. सर रागावले नाहीत. म्हणाले, ‘बाळा, रक्त बरोबर काढलं आणि स्टिकर दुसरीचं लावलं, तर मशीन रिपोर्ट अचूकच देईल, पण भलतीच्या नावाने.’

आता एका छोट्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून शिकतेय, आणि ते वाक्य रोज पटतं. पेशंटला स्वतःचं नाव सांगायला लावायचं, वय किंवा नोंदणी क्रमांक ताडून पाहायचा, रक्त घेतल्यावर त्याच्यासमोरच ट्यूबला स्टिकर लावायचं, वेळ टाकायची. उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर यांच्या वेळा उलट्या पडल्या, तर डॉक्टर औषध चुकीचं ठरवू शकतात. रक्तगटाच्या सॅम्पलला दुसऱ्याचं स्टिकर लागलं, तर चुकीचं रक्त चढून माणूस दगावू शकतो. इतकं महत्त्वाचं काम न शिकवता त्याची श्रेणी छापून देणं हा माझ्या मते फी लाटण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे, कारण त्याची किंमत पेशंट मोजतो.

सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर क्लासचीच वेबसाईट उघडली. ‘शासनमान्य’च्या खाली जो नंबर होता तो उद्यम नोंदणीचा निघाला. ती नोंदणी व्यवसायाची असते, तिने कोर्सला मान्यता मिळत नाही. कोर्स कौशल्य विकासाचा आहे असं कुणी सांगितलं, तर स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी वेबसाईटवर प्रशिक्षण केंद्राचं नाव स्वतः शोधा, त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. आणि फी भरायच्या आधी संगणकाची खोली उघडायला लावा. बारकोडचा प्रिंटर चालू आहे का, शिकणारी एखादी मुलगी तुमच्यासमोर एंट्री करून दाखवते का, ते पाहा. ‘पुढच्या आठवड्यात दाखवतो’ म्हणाले तर पैसे खिशातच ठेवा.

पैसे परत मागितले तेव्हा ‘फी परत मिळत नाही’ एवढंच उत्तर आलं. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर नोंद केली आणि हिंगोलीच्या जिल्हा आयोगात तक्रार दिली. क्लास नांदेडला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगाची फी लागत नाही, आणि तक्रार द्यायची मुदत २ वर्षांची असते. माझ्या बॅचमधल्या आणखी काही मुली सोबत आल्या आहेत. तुमच्यापैकी कुणी अशा क्लासमध्ये अडकलं असेल, तर माहितीपत्रक, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट यातलं काहीही डिलीट करू नका. आमच्या तक्रारीत ते माहितीपत्रकच सगळ्यात जास्त कामाला आलं.