जेम आणि महाटेंडर्स : विद्यापीठाच्या भांडार शाखेच्या चष्म्यातून

जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यातल्या सरकारी विद्यापीठ-महाविद्यालयांची खरेदी आता मुख्यतः दोन पोर्टलांवरून होते. एक केंद्राचं जेम (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस), म्हणजे सरकारी ऑनलाइन बाजार, २०१६ पासूनचं. दुसरं राज्याचं महाटेंडर्स, ऑनलाइन निविदांचं. पोर्टल म्हणून दोन्हींना पाचपैकी साडेतीन. ते चालवणाऱ्या हातांना मात्र दोनच्या वर देववत नाहीत.

खान्देशातल्या मे महिन्याचंच उदाहरण घ्या. अभ्यासिकेसाठी कूलर हवेत आणि मागणीपत्रावर लिहिलंय, ‘कूलर, १२ नग’. बास. खरेदीदार लॉगिनवाला लिपिक जेमवर कूलरचा वर्ग उघडतो, फिल्टर न लावता थेट तुलना करतो आणि एल-१ म्हणून, म्हणजे सर्वांत कमी दराचा म्हणून, टेबलावर ठेवायचा छोटा कूलर वर येतो. बाहेर ४३ अंश! पोर्टलचं यात काही चुकलेलं नसतं. फिल्टरमधून पार झालेल्यांत जो स्वस्त, तो एल-१, आणि तो डावलून वरचा घेता येत नाही. म्हणून टाकी किती लिटरची, हवा किती फेकतो, पॅड हनीकोंब की वुडवूल, इन्व्हर्टरवर चालतो का, हे सगळं मागणी करणाऱ्या विभागानं आधीच लिहून द्यायचं. पण फिल्टर इतकेही आवळू नयेत की एकच कंपनी उरेल. एल-१ खरेदीत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांची तुलना लागते, तीन उरले नाहीत तर गाडी तिथंच अडते. मग कुणीतरी सुचवतं, तीन-तीनच्या चार ऑर्डर काढू, तुलनेशिवाय थेट खरेदीच्या मर्यादेत बसेल. याला खरेदीचे तुकडे म्हणतात आणि लेखापरीक्षणात पहिला आक्षेप त्यावरच येतो.

माल आल्यावरचा घोळ वेगळा. कन्साइनी म्हणजे माल ताब्यात घेणारा म्हणून विभागप्रमुखांचं नाव, पासवर्ड लिपिकाकडे, ओटीपी साहेबांच्या मोबाईलवर आणि साहेब पेपर तपासणीला बाहेरगावी. माल मिळाल्याची पावती म्हणजे पीआरसी ४८ तासांत आणि माल तपासून दिलेलं स्वीकृतीचं प्रमाणपत्र म्हणजे सीआरएसी १० दिवसांत निघायला हवी. मालाचं ठिकाण नंदुरबार आणि कन्साइनी जळगावचा केला असेल तर न पाहताच १२ पैकी १२ स्वीकारले जातात. दोन पंप बंद निघाले तर स्वीकृत १०, नाकारलेले २ आणि कारण, असं भरायचं असतं. एकदा १२ लिहून बिलाला लावले की मग विक्रेत्याच्या मागे फिरत बसा.

जेमवर वस्तू नसेल तर बाहेरून घेता येते, पण आधी जेममधूनच अनुपलब्धतेचा अहवाल काढून फाईलला लावायचा. तो मागाहून काढलेला तारखेवरून कळतो.

महाटेंडर्सवर खरी परीक्षा डिजिटल सहीची. क्लास ३ टोकनमध्ये (डिजिटल सही ठेवायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा) सहीची आणि एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर कुलूपबंद करायची, अशी दोन प्रमाणपत्रं लागतात. नुसती सहीची घेऊन आलेले बरेच भेटतात. निविदा टाकताना उघडणारे अधिकारी नेमावे लागतात. तिथं दोघांपैकी दोघे (दोनच नेमले आणि दोघेही लागतात) हा पर्याय टाळा, चारपैकी दोघे (चार नेमले, कुणीही दोघे चालतात) घ्या. निविदाकाराचे ऑनलाइन लिफाफे याच अधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रांनी कुलूपबंद होतात. मधेच एकाची बदली झाली, एक निवृत्त झाला किंवा जुनं टोकन हरवलं, तर नव्या टोकनानं ते कुलूप उघडत नाही. उघडायला दोघे उरले नाहीत की लिफाफे तसेच राहतात आणि फेरनिविदा काढावी लागते. मार्चएंडला हे घडलं तर निधी परत जातो, हे वेगळं सांगायला नको.

प्रशिक्षणाबद्दल : ऑनलाइन वर्ग फुकट आहेत, पण कुठलं बटण कुठं एवढ्यावरच त्यांचा भर. कूलरचे फिल्टर कसे ठरवायचे हे तिथं शिकायला मिळत नाही. त्यापेक्षा भांडार, लेखा आणि मागणी करणारा विभाग अशा तिघांना एकत्र बसवून एक खरी ऑर्डर सुरुवातीपासून बिलापर्यंत करून घ्यावी. एक दुपार पुरते.

आणि टोकनचा पासवर्ड विसरला म्हणून दुकानदाराकडून ते फॉरमॅट करून आणू नका. आतलं प्रमाणपत्रही पुसलं जातं.