ब्रसेल्स स्प्राउट्स: गच्चीवरचे आणि दुकानातले

नागपूरच्या धरमपेठेतील एका दुकानातून आणलेले ब्रसेल्स स्प्राउट्स (कोबीच्याच कुळातली, इवल्या कोबीसारख्या गड्ड्यांची भाजी) आणि ऑगस्टअखेर बी पेरून गच्चीवरील कुंड्यांत वाढवलेले, असे दोन्ही जानेवारीत मोहरीच्या फोडणीवर वेगवेगळे परतून पाहिले. दुकानातले गड्डे घट्ट व एकसारखे होते, परंतु त्यांचे देठ सुकलेले, बाहेरची पाने पिवळसर आणि चव नुसती कडवट होती. त्या भावात मी ते पुन्हा घेणार नाही. घरचे गड्डे सुपारीएवढेच भरले, थोडे सैलही राहिले, मात्र त्यांत कोवळ्या मटारासारखा गोडवा होता, कारण थंडीत ही वनस्पती पानांत साखर साठवते आणि तोडणीनंतर ती साखर हळूहळू खर्ची पडते. जास्त शिजवल्यास मात्र दोहोंनाही गंधकाचा उग्र वास येतो.