वाकलेलं बोट: सुई की सुरी?

माझे सासरे रोज संध्याकाळी पेटी घेऊन बसतात. तीन वर्षांपूर्वी त्यांची उजवी करंगळी नको त्या पट्टीवर पडायला लागली. मग तोंड धुताना तेच बोट डोळ्यात जाऊ लागलं, पँटच्या खिशात हात घालताना अडू लागलं. दुखत मात्र काहीच नव्हतं. करंगळीखाली तळहातात एक टणक गाठ आणि तिथून बोटाकडे ताणलेली दोरी, एवढंच.

याला डुप्युट्रेनचा आजार म्हणतात. गियोम डुप्युट्रेन या पॅरिसच्या सर्जनने १८३१ मध्ये यावरची शस्त्रक्रिया करून दाखवली, त्यावरून हे नाव. तळहाताच्या कातडीखाली एक चिवट पडदा असतो, तो जाड होऊन आखडतो आणि बोटाला आत ओढतो. बहुतेक वेळा अनामिका नाहीतर करंगळी सापडते. उत्तर युरोपीय वंशाच्या, पन्नाशी उलटलेल्या पुरुषांत हा सर्रास दिसतो, आपल्याकडे कमी. घराण्यात कुणाला असणं हा मोठा धोका. त्याखेरीज मधुमेह, दारू, सिगारेट आणि वर्षानुवर्षं हातात धरलेली थरथरणारी यंत्रं. ब्रिटनने २०१९ मध्ये अशी यंत्रं चालवणाऱ्यांसाठी हा व्यावसायिक आजार म्हणून यादीत घेतला.

यावर उपचार दोन: सुईने दोरी तोडणं, नाहीतर सुरीने म्हणजे शस्त्रक्रियेने ती काढणं. सुई की सुरी हे ठरवण्याआधी दुखणं तेच आहे ना, हे बघा. बोट वाकून अडकत असेल आणि खटकन सुटत असेल, तर ते ट्रिगर फिंगर. नमस्कार करताना दोन्ही हातांची बोटं नीट टेकत नाहीत, कातडी जाडसर झालीय, पण दोरी कुठेच लागत नाही, तर तो बहुधा जुन्या मधुमेहाचा ताठरपणा. तिथे साखर आटोक्यात ठेवणं आणि व्यायाम हेच उपाय. डुप्युट्रेनमध्ये दुसऱ्या हाताने ओढूनही बोट सरळ होत नाही. आमच्याकडे सहा महिने तेल लावून मालिश चालली होती. दोरी ढिम्म हलली नाही, हलणारही नव्हती.

साधी परीक्षा आहे: तळहात टेबलावर पालथा ठेवा. सपाट बसला तर सध्या काही करू नका, नुसत्या गाठीसाठी कापाकापी नको. बोटाचा मूळचा सांधा, म्हणजे बोट तळहाताला जुळतं तो, साधारण ३० अंश वाकला, किंवा मधला सांधा वाकू लागला, की हँड सर्जन उपचाराचं बोलतात. मधल्या सांध्याबाबत फार वाट पाहू नये. तो बराच काळ वाकलेला राहिला की आतूनच आखडतो आणि मग दोरी काढूनही पुरता उघडत नाही.

सुईचं काम ओपीडीत होतं. तेवढ्या जागेला भूल देऊन सुईच्या टोकाने दोरी जागोजागी कातरतात आणि बोट ओढून सरळ करतात. आमच्या वेळी करकर असा बारीक आवाज आला, सासरे हसले, मी मात्र भिंतीकडे बघत होतो. टाके नाहीत, आठवड्याभरात हात कामाला लागतो. पण दोरी आतच राहते, आणि आजार परत येतो.

सुरीच्या शस्त्रक्रियेत नागमोडी छेद घेऊन तो रोगट पडदाच काढतात. टाके दहा ते चौदा दिवस, हात रुळायला महिना-दीड महिना, व्यायाम न चुकता. बोटाच्या मज्जातंतूला इजा, जखम रेंगाळणं, सूज येऊन हात ताठरणं हे धोके इथे जास्त. साखर वर-खाली होणाऱ्यांनी आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी जखमेचा विचार आधी करावा.

मग सुरी हवीच कशाला? नेदरलँड्समधल्या २०१२ च्या अभ्यासात पाच वर्षांनी सुईच्या गटात सुमारे ८५ टक्के जणांचा आजार परतला होता, सुरीच्या गटात सुमारे २१ टक्के. फरक प्रचंड आहे. तरी गंमत अशी, की पुन्हा वेळ आली तर सुईच बरी, असं त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलं. मला ते पटतं. पाच वर्षांनी पुन्हा एक दुपार घालवायची, हा सौदा काहींना महिनाभराच्या बँडेजपेक्षा स्वस्त वाटतो.

तिसरा पर्याय इंजेक्शनचा. कोलॅजिनेज नावाचं विकर दोरी विरघळवतं. अमेरिकेत २०१० मध्ये त्याला मान्यता मिळाली, युरोपच्या बाजारातून ते २०२० मध्ये काढून घेतलं गेलं. २०२४ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रियाच सरस ठरली. इंटरनेटवर वाचून यामागे धावू नका.

माझं मत विचाराल तर: फक्त मूळचा सांधा वाकलाय, दोरी एकच आणि ठसठशीत, वय झालंय किंवा मोठी भूल नको, तर सुई. मधला सांधा धरलाय, वय पन्नाशीच्या आतलं, किंवा सुईनंतर लवकर परतलंय, तर सुरी. दोन्ही हात, घराण्यात आजार, तळपायातही गाठी, असं असेल तर काहीही केलं तरी तो परतण्याची शक्यता अधिक, हे सर्जनशी आधीच बोलून घ्या. तसंच 'तुम्ही स्वतः यांतलं काय आणि किती वेळा करता?' हेही विचारा. सुई आंधळेपणाने चालते, शेजारीच मज्जातंतू असतो. रोज करणाऱ्याचाच हात त्यासाठी हवा.

सासऱ्यांनी सुई घेतली, मूळचाच सांधा होता म्हणून. दोन वर्षांत बोट थोडं परत वाकलंय, पण पट्टी चुकत नाही. आता डाव्या तळहातात गाठ आलीय. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते जेवणाच्या टेबलावर तो हात पालथा ठेवतात आणि खाली कागद सरकवून बघतात. अजून तरी कागद जात नाही.